हाताला पाठ होणारा लाँचर मेनू

संगणकावरचे प्रोग्रॅम जिथून उघडतात तो लाँचर मेनू दिवसातून कितीतरी वेळा उघडला जातो आणि दर वेळी सेकंद-दोन सेकंदच डोळ्यांसमोर असतो. तेवढ्यात त्यातला प्रत्येक शब्द कुणी वाचत नाही. पहिले काही दिवस माणूस वाचून शोधतो, नंतर हात आपोआप त्या जागी जातो. म्हणून असा मेनू बनवताना सर्वांत जास्त जपायची ती प्रत्येक प्रोग्रॅमची जागा. वापरणाऱ्याने स्वतः हलवल्याशिवाय ती हलता कामा नये.

हे पाळणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण जास्त वापरलेलं वर आणण्याचा मोह मोठा असतो. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये क्वचित लागणारे पर्याय लपवणारे मेनू आणले होते. त्यात मेनू छोटा झाला, पण त्याचं रूप वापराप्रमाणे बदलू लागलं आणि हाताची सवय मोडली. यावर चांगला तोडगा म्हणजे मेनूचे वेगळे भाग करणं. वर वापरणाऱ्याने स्वतः निवडलेले प्रोग्रॅम, त्याखाली ‘अलीकडचे’, त्याखाली संपूर्ण यादी. ‘अलीकडचे’साठी पाच ओळींची उंची कायमची राखून ठेवा. दोनच नोंदी असतील तर तीन ओळी रिकाम्या दिसू द्या, नाहीतर खालची सगळी यादी रोज वर-खाली होत राहील. निवडलेल्यांपैकी एखादा प्रोग्रॅम काढला तर त्याचा चौकोनही मोकळाच राहू द्यावा, पुढचे सरकवून तो भरू नये.

जागा ठरवताना मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांचा १९५४ सालचा नियम कामाला येतो. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका तिथं पोचायला वेळ जास्त. हा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो. त्यामुळे अंतर दुप्पट झालं तरी लक्ष्यही दुप्पट रुंद केल्यास वेळ साधारण तेवढाच लागतो. पडद्याचा कोपरा या हिशेबात फार मोलाचा, कारण माऊस कितीही जोरात ढकलला तरी कर्सर त्यापलीकडे जात नाही, नेम धरावाच लागत नाही. पण मेनू उघडायचं बटण आणि पडद्याची कड यांत एका पिक्सेलची जरी फट राहिली, तरी कोपऱ्यातलं क्लिक रिकाम्या जागी पडतं आणि सगळा फायदा जातो. चिन्ह चार पिक्सेल आत काढलं तरी चालेल, क्लिक घेणारा भाग मात्र कडेच्या शेवटच्या पिक्सेलपर्यंत न्यायलाच हवा. दोन पडदे शेजारी लावले असतील तर मधली कड कर्सरला अडवत नाही, तेव्हा बटण बाहेरच्या कोपऱ्यात असावं.

ओळीची उंची माऊससाठी ३२ ते ४० पिक्सेल पुरते, बोटाने वापरायचा पडदा असेल तर ४८ ठेवा. ओळीच्या पूर्ण रुंदीवर कुठंही क्लिक लागलं पाहिजे, दोन ओळींमध्ये निर्जीव पट्टी नको.

मेनूत सातपेक्षा जास्त गोष्टी नकोत, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचं मूळ मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ सालच्या निबंधात आहे, पण त्यात चर्चा आहे ती माणूस एका वेळी मनात किती गोष्टी धरू शकतो याची. मेनू समोर दिसत असतो, त्यातलं काही मनात धरून ठेवायचं नसतं. ६४ पर्याय आठ-आठच्या दोन पातळ्यांत मांडले तर ते दोन-दोनच्या सहा पातळ्यांपेक्षा लवकर सापडतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तेव्हा ऑफिस, ग्राफिक्स, इंटरनेट, शिक्षण अशा गटांची एकच पातळी ठेवावी, उपगटांचे उपगट करू नयेत.

गटाचा उपमेनू बाजूला उघडतो, तिथं नेहमीची एक चूक होते. वापरणारा कर्सर तिरका नेतो, वाटेत तो खालच्या गटाला शिवतो आणि हवा असलेला उपमेनू नाहीसा होतो. विंडोजने यासाठी ४०० मिलिसेकंदांचा विलंब ठेवला. त्याहून चांगला उपाय असा: कर्सरची जागा आणि उपमेनूचे जवळचे दोन कोपरे मिळून एक काल्पनिक त्रिकोण धरायचा. कर्सर त्या त्रिकोणाच्या आत पुढे सरकतोय तोवर उपमेनू बदलायचा नाही.

शोधाच्या चौकटीलाही जागेचाच नियम लागू आहे. अक्षर टाइप करून लगेच एंटर दाबणाऱ्याला पहिला निकाल पाठ झालेला असतो. नावाच्या सुरुवातीला जुळणारं आधी, मग नावातल्या पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला जुळणारं, मग मध्येच कुठंतरी जुळणारं, असा क्रम ठेवा. बरोबरी झाली तर वापर बघा: प्रत्येक वापराला एक गुण, आणि जुने गुण दर १४ दिवसांनी निम्मे. २८ दिवसांपूर्वी १६ वेळा उघडलेल्या प्रोग्रॅमकडे आज चारच गुण उरतात आणि आज सहा वेळा उघडलेला त्याच्या पुढे जातो. मात्र एकाने दुसऱ्याला मागे टाकायला निदान दीडपट गुणांची अट घाला, म्हणजे क्रम रोज डळमळणार नाही. फायलींचा शोध उशिरा पूर्ण होतो. त्याचे निकाल कायम खालच्या वेगळ्या भागात दाखवा. ते वर घुसले तर एंटर दाबायच्या क्षणी पहिली ओळ बदलते आणि भलतंच उघडतं.

देवनागरी नावं शोधताना आणखी काळजी हवी. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो, ‘फ’ला कधी नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असतो कधी नसतो, आणि अक्षरांमध्ये न दिसणारी जोडचिन्हं दडलेली असतात. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंची ही अदृश्य चिन्हं आणि नुक्ते काढून टाकावेत, म्हणजे ‘ऱ’ही ‘र’ म्हणूनच जुळेल. शिवाय प्रत्येक नोंदीला रोमन नावही शोधशब्द म्हणून जोडावं, कारण कीबोर्ड कोणत्या लिपीत आहे हे घाईत कुणी पाहत नाही.

क्लिक झाल्यावर ०.१ सेकंदाच्या आत काहीतरी दिसलं पाहिजे. चिन्ह उजळलं तरी पुरे. काहीच दिसलं नाही तर माणूस पुन्हा क्लिक करतो आणि जड प्रोग्रॅमच्या दोन प्रती उघडतात.

लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रॅमची माहिती एका छोट्या मजकूर-फाइलीत असते, तिला डेस्कटॉप फाइल म्हणतात. नाव, चिन्ह, गट आणि चालवायची आज्ञा तिच्यातूनच घ्यावी, वेगळी यादी बनवू नये. एखादी नोंद बदलायची असेल तर मूळ फाइलीला हात न लावता त्याच नावाची प्रत वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमधल्या ठरलेल्या जागी ठेवावी. तीच लागू होते आणि प्रोग्रॅम अद्ययावत झाला तरी पुसली जात नाही.

‘टर्मिनलमध्ये चालतं, मेनूतून चालत नाही’ ही तक्रार मात्र हमखास येते. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, आणि त्या आज्ञा समजून चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. मेनूतल्या आज्ञेची ओळ या शेलमधून जात नाही. होम फोल्डरसाठीचं लाटेसारखं चिन्ह किंवा डॉलरने सुरू होणारी चलं तिथं उलगडत नाहीत, म्हणून पूर्ण पत्ता लिहावा, आणि पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात घालावा. शेलच्या सेटिंग फाइलीत वाढवलेला शोधमार्गही (प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी) मेनूला बहुधा माहीत नसतो. त्यामुळे चाचणी टर्मिनलमधून घेऊ नये. लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन व्हावं आणि प्रत्येक नोंद मेनूतूनच एकदा उघडून बघावी.