गुडघा बदलण्याचं ऑपरेशन: वॉकर नेण्याआधी आणि घरी आल्यावर

बरेच ग्राहक डिस्चार्जच्या दिवशी धावतपळत आमच्याकडे वॉकर न्यायला येतात. तो ऑपरेशनच्या आठवडाभर आधीच न्या. टाके नसताना चार दिवस सराव झाला, तर ऑपरेशननंतर वॉकर कसा धरायचा हे नव्याने शिकावं लागत नाही.

उंची अशी लावा: घरात घालायच्या चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाची घडी येते तिथे वॉकरची मूठ हवी. मूठ खाली राहिली तर माणूस वाकून चालतो आणि गुडघाही वाकलेलाच राहतो. चारही पायांचे खटके एकाच भोकात बसलेत ना, हे बघा. खालची रबरी बुटं झिजली असतील तर लगेच बदलून मागा, ओल्या फरशीवर तीच घसरतात.

वॉकर न्यायला येताना बाथरूमच्या दाराची रुंदी मोजून आणा. जुन्या इमारतींत वॉकर हमखास तिथेच अडतो. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोड खुर्चीचं भांडं काढून ती वरून ठेवता येते. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जायला नकोत. पायपुसणी, सतरंज्या आणि लोंबत्या वायरी आधीच उचलून ठेवा.

किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाच्या चिखल्या हे सगळं सर्जनना सांगा. किरकोळ वाटणारा संसर्गही नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. पायाचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घरी आल्यावर मायेपोटी होणारी एक चूक फार महागात पडते: गुडघ्याखाली उशी. तिने बरं वाटतं, कारण किंचित वाकलेल्या सांध्यात सुजेचा दाब कमी होतो. पण पाय तसाच राहिला की मागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडतं, गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि चाल लंगडी राहते. म्हणून टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. 5 ते 10 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा. मांडीचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबा, 5 आकडे मोजा, सोडा. असं 10 वेळा. जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली हलवा, म्हणजे पोटरीत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो.

वाकवण्यासाठी खुर्चीत बसून टाच हळूहळू मागे सरकवा. साधारण दोन आठवड्यांत 90 अंशांपर्यंत पोचायचं असतं. दुखतं म्हणून व्यायाम टाळला जातो, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घेता येईल का, हे विचारून ठेवा. नंतर बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं, उघड्या त्वचेवर कधीच नाही.

जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा.

टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, चालताना बारीक टकटक, काही महिने राहणारी कोमट ऊब यांनी घाबरू नका. मात्र सुकलेली जखम पुन्हा पाझरू लागली, थंडी वाजून ताप आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.