दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

समजा, सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी तुम्ही एक ॲप करताय आणि त्याचं नाव ठेवलंत ‘दऱ्या’. प्रोजेक्ट सुरू करताना नावाच्या चौकटीत ते टाइप केलंत की पुष्कळदा लाल रंगात सूचना येते: नावात फक्त अक्षरं आणि अंक चालतील. मग ‘द’ हे अक्षर नाही तर कोण आहे?

सूचना लिहिणाऱ्याच्या मनात अक्षर म्हणजे ए ते झेड. ही सवय १९६३ सालच्या आस्कीपासूनची, म्हणजे प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणाऱ्या संगणकी संकेतापासूनची. सात बिटांत १२८ जागा. रोमन अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या आज्ञा बसवल्या की जागा संपली. १९९१ मध्ये अनेक लिप्यांना सामावणारा युनिकोड हा संकेत आला आणि देवनागरीलाही तिच्या १२८ जागा मिळाल्या, पण प्रोग्राममधल्या नावं तपासणाऱ्या ओळी मागेच राहिल्या. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘शब्दात येणारं चिन्ह’ ओळखण्याचं जे सूत्र सर्रास वापरतात, ते आजही रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेखा सोडून काहीच ओळखत नाही.

चांगल्या मनाने केलेली दुरुस्तीही फसते. एखादा प्रोग्रामर म्हणतो, युनिकोडने अक्षर मानलेलं काहीही चालू दे, बाकीचं गाळ. मग ‘किल्ला’चं होतं ‘कलल’. कारण संगणकाच्या लेखी ‘किल्ला’ ही सहा चिन्हं: क, वेलांटी, ल, पाय मोडण्याची खूण, पुन्हा ल आणि काना. यातली तीनच अक्षरं. वेलांटी, काना आणि पायमोडीची खूण ‘जोडचिन्हां’च्या वेगळ्या वर्गात पडतात. पायथन या दुसऱ्या भाषेने हे नीट हाताळलं. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून नाव अक्षराने सुरू व्हावं, पुढे जोडचिन्हं खुशाल यावीत, असा नियम आहे. त्यामुळे ‘किल्ला’ हे तिथे चलाचं, म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती साठवायच्या जागेचं, रास्त नाव ठरतं.

‘दऱ्या’ची गोष्ट मात्र खास मराठी आहे. आचार्यांना दिलेलं निमंत्रण आणि आचाऱ्यांना दिलेलं निमंत्रण यांत किती फरक पडतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. हा आडवा, पापणीसारखा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो आणि दोन्ही युनिकोडला मान्य आहेत. एक, नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र, पायमोड आणि त्यापुढे ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाचं अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. संगणकाला मात्र ती वेगळी नावं वाटतात. मजकूर एकसारखा करून घेण्याची युनिकोडची प्रमाण पद्धतही त्यांना एक करत नाही. एका तऱ्हेने ठेवलेली फाइल दुसऱ्या तऱ्हेने शोधली, तर साधा शोध रिकाम्या हाताने परततो.

याहून वाईट पुढे आहे. अदृश्य चिन्हं वापरून खऱ्यासारखं दिसणारं खोटं नाव बनवता येतं, म्हणून अनेक प्रणाली ती गुपचूप गाळतात. भीती रास्त आहे. पण तो जोडक गाळला की र वर सरकून रफार होतो, आणि दऱ्यांचा दर्या! डोंगरातलं ॲप समुद्रात जातं आणि चूक दाखवणारी एक ओळही कुठे उमटत नाही. त्यापेक्षा पायथन बरा. जोडक असलेलं नाव तो सरळ नाकारतो. संकेतस्थळांच्या नावांसाठीच्या २००३ च्या नियमांतही जोडक गाळला जाई. २०१० च्या नियमांनी त्याला पायमोडीनंतर येण्याची मुभा दिली. माझ्या मते हाच योग्य मार्ग: चिन्ह कुठे आलंय ते बघा, मग ठरवा.

खुद्द ‘ॲप’ हा शब्दही यातून सुटलेला नाही. ‘ॲ’ला स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक अ वर चंद्र देत, कधी मध्ये तोच जोडक घालून. जुन्या मजकुरातलं ‘ॲप’ आणि आजचं ‘ॲप’ म्हणूनच एकमेकांना ओळखत नाहीत.

ॲण्ड्रॉइडने नावाचे दोन भाग केले आहेत. फोनवर दिसणारं नाव कुठल्याही लिपीत चालतं. आतली ओळख मात्र रोमन अक्षरं, अंक, अधोरेखा आणि टिंबं यांतच लागते. २०१४ पासून मिळणाऱ्या संकेतस्थळांच्या ‘.भारत’ नावांचंही असंच आहे. वाचणाऱ्याला देवनागरी, यंत्रणेला ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी रोमन ओळ. ही तडजोड मला मान्य आहे, पण एका अटीवर. आतलं नाव माणसाने वेगळं निवडावं. मराठी नावातली न कळणारी चिन्हं गाळून उरलेल्या सांगाड्यावर ते बनवू नये.

तुम्ही स्वतः प्रोग्राम लिहीत असाल, तर नाव घेणारी प्रत्येक चौकट ‘किल्ला’, ‘ॲप’ आणि दोन्ही तऱ्हांच्या ‘दऱ्या’ टाकून तपासा. आणि टाइप करताना शक्यतो नुक्ता असलेला ऱच वापरा. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट दाबून जेच्या कळीवर मिळतो.