टर्बोचार्जरची निवड : लहान डिझेल इंजिन

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर टर्बाइनचे चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या कॉम्प्रेसरच्या चक्राने सिलिंडरमध्ये हवा दाबून भरायची, हे टर्बोचार्जरचे काम. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. आधी जहाजांची आणि रेल्वेची मोठी इंजिने, मग ट्रक आणि पुढे मोटारी, असा तिचा प्रवास झाला. दीड लिटरच्या आतल्या डिझेल इंजिनातून जास्त ताकद काढायची असेल, तर योग्य टर्बो निवडणे हा त्यातला सर्वांत नाजूक भाग असतो. सातारा–सांगलीच्या मुलखात या निवडीचे गणित विशेष चांगले समजते, कारण येथे एकाच दिवसात गाडी कृष्णाकाठच्या सपाटीवर पळते आणि सह्याद्रीचा घाटही चढते.

निवडीची सुरुवात हवेच्या हिशेबाने होते. भारतात अनेक गाड्यांत बसलेले १,२४८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा हवा भरली जाते. मिनिटाला ४,००० फेरे आणि भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर इंजिन सेकंदाला सुमारे ३७ लिटर हवा ओढते. मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला, निरपेक्ष दाब २.२ बार आणि इंटरकूलरनंतरचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागानंतरचे) तापमान ५७ अंश ठेवले, तर या ३७ लिटरांचे वजन सुमारे ८७ ग्रॅम भरते. धूर मर्यादेत ठेवायला डिझेलच्या वजनाच्या निदान १८–२० पट हवा लागते. वीसपट धरून तासाला साडेपंधरा किलोच्या आसपास डिझेल जाळता येते. एका किलोवॅट-तासाला २४० ग्रॅम खप धरल्यास सुमारे ६५ किलोवॅट, म्हणजे ८८ अश्वशक्ती मिळते. ‘शंभर अश्वशक्तीचा टर्बो द्या’ असे दुकानात म्हणण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. किती ग्रॅम हवा आणि किती पट दाब, हे दोन आकडे सांगावे लागतात.

हे दोन आकडे कॉम्प्रेसरच्या आलेखावर, म्हणजे मॅपवर, मांडतात. विहिरीवरचा पंप घेताना शेतकरी हेड आणि डिस्चार्ज, म्हणजे पाणी किती उंच आणि किती येईल, हे विचारतो, तसाच हा प्रकार. किर्लोस्करवाडीच्या पंपांवर पिढ्या वाढलेल्या सांगलीकरांना तो वेगळा समजवावा लागत नाही. मॅपच्या आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह असतो, उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर. डावीकडची रेषा सर्जची: तिच्या पलीकडे प्रवाह कमी आणि दाब जास्त होऊन हवा उलटी धक्के मारते, चक्र आणि बेअरिंग दोन्ही खचतात. उजवीकडे चोक, जेथे चक्र कितीही जोरात फिरवले तरी हवा वाढत नाही. मधल्या पट्ट्यात कार्यक्षमता सत्तर टक्क्यांवर असते.

लहान डिझेलची खरी अडचण डाव्या बाजूला आहे. हेच इंजिन १,८०० फेऱ्यांवर पूर्ण दाबाने ओढायचे म्हटले, तर हवा लागते सेकंदाला ३९ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. दाबाचे गुणोत्तर मात्र तेवढेच. फक्त ८७ ग्रॅमकडे पाहून मोठा कॉम्प्रेसर घेतला, तर ३९ ग्रॅमचा बिंदू सर्जच्या रेषेवर किंवा पलीकडे जातो. चढावर नेमके याच फेऱ्यांत गाडी दम सोडते. कागदावरची कमाल ताकद पाहून घेतलेले बहुतेक टर्बो येथेच फसतात.

उंचीमुळे हिशेब आणखी बदलतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १.०१ बार, सांगलीला सुमारे ०.९५, तर साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरी ०.८६ बार असतो. फिल्टरमधली घट ०.०३ आणि इंटरकूलर व नळ्यांतली घट ०.१ बार धरून मॅनिफोल्डमध्ये तेच २.२ बार हवे असतील, तर कॉम्प्रेसरला समुद्रसपाटीजवळच्या चिपळुणात २.३५ पट, सांगलीत अडीच पट आणि महाबळेश्वरात सुमारे २.८ पट दाब द्यावा लागतो. गुणोत्तर वाढले की चक्राचा वेग वाढतो. लहान टर्बो आधीच मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेत असतो. सपाटीवर वेगाच्या मर्यादेला टेकलेला टर्बो पसरणीचा घाट चढताना मर्यादा ओलांडतो. वातावरणाचा दाब मोजणारा सेन्सर असेल, तर संगणक दाब आणि डिझेल दोन्ही कमी करून टर्बो वाचवतो. डिझेलच्या जुन्या यांत्रिक पंपाला ही समज नसते: वेस्टगेटची (टर्बाइनला टाळून जादा वायू सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजत असल्याने वर गेल्यावर सिलिंडरमधली हवा घटते, पंप मात्र तेवढेच डिझेल सोडत राहतो. परिणाम म्हणजे काळा धूर आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. या भागासाठी टर्बो घेताना वेगात शिल्लक ठेवावी, हा सल्ला पोकळ सावधगिरीचा नाही.

टर्बाइनच्या बाजूला प्रश्न उलटा आहे. घर (हाउसिंग) लहान घेतले, तर कमी फेऱ्यांतही वायू वेगाने चक्रावर आदळतो आणि ओढ लवकर येते. वरच्या फेऱ्यांत मात्र तेच घर बूच होऊन बसते, वायू तुंबतो आणि पिस्टनला उलट जोर सोसावा लागतो. वेस्टगेट जादा वायू बाजूने सोडून देतो. फिरत्या पात्यांचा टर्बो (व्हीजीटी) वाटच लहान-मोठी करतो. पेट्रोलपेक्षा डिझेलचा वायू थंड असल्याने ही पाती डिझेलमध्ये टिकतात, पण सतत गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत काजळीने अडकतात. वर घेतलेल्या १,२४८ सीसी इंजिनाच्या दोन आवृत्त्या मारुतीच्या गाड्यांतून विकल्या गेल्या. साध्या टर्बोची ७५ अश्वशक्ती आणि २,००० फेऱ्यांवर १९० न्यूटन-मीटर देई. फिरत्या पात्यांची ९० अश्वशक्ती आणि १,७५० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर. टर्बोबरोबर डिझेल सोडण्याची मांडणीही बदलली होती, तरी ओढ आधी येणे आणि ताकदही वाढणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या त्या पात्यांमुळे. घाटाच्या गाडीसाठी खर्च सोसत असेल तर व्हीजीटी घ्यावा. नसेल, तर वरची दहा अश्वशक्ती सोडून लहान टर्बाइन घ्यावे.

इंटरकूलरकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ३५ अंशांची हवा अडीच पट दाबली, तर सत्तर टक्के कार्यक्षमतेने ती सुमारे १६५ अंशांवर जाते आणि तापलेल्या हवेत ऑक्सिजन कमी मावतो.

उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला उच्च कामगिरीचे इंजिन कोणी म्हणणार नाही, पण टर्बो कशाने मरतो हे त्याच्याकडून शिकावे. फिल्टर नवा असला तरी त्यापुढच्या रबरी नळीची क्लिप सैल असेल, तर शिवाररस्त्याची धूळ थेट कॉम्प्रेसरवर जाते आणि पात्यांच्या कडा घासते. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल परत जाणारी नळी पिचलेली किंवा गॅस्केटऐवजी फासलेल्या सिलिकॉनने बुजलेली असेल, तर तेल सीलमधून बाहेर येते आणि मिस्त्री टर्बोलाच दोष देतो. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद केले, तर अडकलेले तेल तापून बेअरिंगपाशी कोळसा होते. मिनिटभर रिकामे चालू ठेवणे पुरते.

नोंदणी झालेल्या गाडीत टर्बो बदलणे हा कायद्याचाही विषय आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही. त्यामुळे वरच्या हिशेबाची मोकळी जागा शर्यतीची, प्रयोगाची किंवा शेतावर एका जागी बसवलेली इंजिने हीच आहे. रस्त्यावरच्या गाडीला त्याच क्रमांकाचा टर्बो किंवा त्याचे कार्ट्रिज (दांडा, चक्रे आणि बेअरिंग असलेला मधला भाग) बसवावे.