संवर्धन चराई
संवर्धन चराई : रानफुलांची कुरणे राखण्यासाठी किंवा पुन्हा उभी करण्यासाठी गुरे, मेंढ्या, तट्टे ठरावीक काळ व ठरावीक जागी चारण्याची पद्धत. दूध-मांसाचे उत्पन्न यात दुय्यम. ही नोंद मुख्यतः दक्षिण इंग्लंडमधील खडूच्या टेकड्यांवरील कुरणांविषयी आहे.

या टेकड्यांची माती उथळ, चुनायुक्त व निकस असते. निकसपणामुळेच एका चौरस मीटरमध्ये ४० च्या आसपास वनस्पतिजाती नांदू शकतात. खत पडले की जोमदार गवते बाकीच्यांना झाकोळतात. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड-वेल्सच्या सखल भागातील रानफुलांची सुमारे ९७ टक्के कुरणे गेली, असा अंदाज आहे.

या कुरणांच्या उगमाविषयी एकमत नाही. जुन्या मतानुसार हिमयुगानंतर येथे घनदाट अरण्य होते व नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी ते तोडले. डच अभ्यासक फ्रान्स व्हेरा यांनी २००० च्या सुमारास याला आव्हान दिले : रानगाय, रानघोडा अशा चरणाऱ्या प्राण्यांनी मूळचेच झाडी व माळ यांचे मिश्रण राखले होते, ओक व हेझल ही प्रकाशप्रिय झाडे एरवी टिकतीच ना. खडूच्या मातीत परागकण नीट टिकत नाहीत, म्हणून पुरावा बव्हंशी जमिनीवरील गोगलगायींच्या शंखांचा (अरण्यातल्या व उघड्या माळावरच्या जाती वेगळ्या असतात). विल्टशरमधील एव्हबरी परिसरातील शंख आधी अरण्य, मग तोड, असा क्रम दाखवतात. डॉर्सेटमधील अ‍ॅलन नदीच्या खोऱ्यात मात्र काही भाग आरंभापासून उघडा असावा. बहुतेक कुरणे मानवनिर्मित, मोजकी मूळची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

चराई थांबल्यावर काय होते, हे ‘लार्ज ब्लू’ या फुलपाखरावरून कळले. त्याची अळी आधी रानथाइमची फुले खाते. मग ‘मिर्मिका सॅब्युलेटी’ मुंग्या तिला आपलीच समजून वारुळात नेतात व ती त्यांची पिल्ले खाऊन वाढते. या मुंगीला उन्हाने तापणारी, खुरट्या गवताची जमीन लागते. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ येऊन ससे मेले, गवत माजले, जमीन थंड झाली. फुलपाखरांच्या संग्राहकांना रोखण्यासाठी घातलेल्या कुंपणाने गुरेही बाहेर राहिली होती. १९७९ मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झाले. जेरेमी थॉमस यांनी मुंगीचे कोडे उलगडल्यावर स्वीडनमधील वाण आणून १९८३ पासून ते पुन्हा वसवण्यात आले, चराईसह. (कास पठारावरचे तारेचे कुंपण काढतानाही कुंपण व चराई यांवरून वाद झाला, पण तेथील जांभ्यावरच्या वनस्पतींना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावू नयेत.)

अलीकडे आभासी कुंपणाचा वापर वाढला आहे. नॉर्वेतील ‘नोफेन्स’ ही त्यातील एक परिचित कंपनी. जनावराच्या गळपट्ट्यात जीपीएस असतो. गुराखी मोबाइलच्या नकाशावर हद्द आखतो. हद्दीजवळ चढत्या सुरात आवाज होतो, तरी जनावर पुढे गेले तर सौम्य विजेचा झटका बसतो. थोड्या दिवसांत बहुतेक जनावरे आवाजालाच वळतात. झटक्यावर प्राणिकल्याणाच्या बाजूने आक्षेप आहेत. तारा-खांब न ठोकता आठवड्याला हद्द सरकवता येते, त्यामुळे फुलोऱ्यात आलेला तुकडा बी धरेपर्यंत वगळता येतो.