क्रमिक स्नायू-शिथिलीकरण

शरीरातील स्नायूंचा एकेक गट आधी किंचित ताणून मग सैल सोडण्याचा पद्धतशीर सराव. अमेरिकी वैद्य एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो विकसित केला. चिंता आणि निद्रानाशाप्रमाणेच डोकेदुखी, मानदुखी, कंबरदुखी अशा रेंगाळणाऱ्या दुखण्यांवरही तो औषधे, फिजिओथेरपी आणि व्यायामाच्या जोडीने वापरला जातो. त्यासाठी चटईखेरीज काही लागत नाही आणि एकदा जमला की तो आयुष्यभर स्वतःचा स्वतः करता येतो. मात्र बहुतेक ठिकाणी तो घाईने शिकवला जातो. सूचना ऐकताऐकता माणूस मुठी आवळतो, दातओठ खाऊन खांदे ताणतो, आणि सैल सोडण्याची वेळ आली की पुढच्या अवयवाची सूचना आलेली असते. या पद्धतीचा गाभा सोडण्यात आहे.

जेकबसन (१८८८–१९८३) हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना १९०८ च्या सुमारास दचकण्याच्या प्रतिक्रियेचा अभ्यास करत होते. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो. पण ज्याने अंग खरोखर सैल सोडले आहे तो तितका दचकत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे शिकागोत त्यांनी यावर अनेक वर्षे काम केले आणि १९२९ साली ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वस्थ पडलेला माणूस हात हलवण्याची नुसती कल्पना करतो तेव्हाही त्या हाताच्या स्नायूंत अत्यंत सूक्ष्म विद्युत हालचाल होते, हे त्यांनी मोजून दाखवले. निवांत पडलो आहोत असे वाटत असतानाही स्नायूंत थोडा ताण शिल्लक राहतो. हा उरलेला ताण ओळखणे आणि तो विरू देणे हेच त्यांच्या शिकवणुकीचे ध्येय होते.

त्यांचा पहिला धडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. उताणे झोपायचे, हात अंगालगत ठेवायचे. डावा पंजा मनगटातून मागे, खांद्याच्या दिशेने वाकवायचा. मनगटात रग लागते ती सांध्याची. तिच्याकडे लक्ष द्यायचे नाही. कोपराच्या जरा पुढे, हाताच्या वरच्या बाजूला, एक पुसटशी जाणीव उमटते. ती स्नायूच्या आकुंचनाची. ती सापडेपर्यंत घाई करायची नाही. सापडली की पंजा सोडून द्यायचा, आपोआप खाली पडू द्यायचा. हळूच खाली ‘ठेवला’ तर ठेवण्यासाठीही स्नायू राबतात आणि धडा फुकट जातो. जेकबसन एकेका भागावर असा वेळ घालवत. सगळे शिक्षण महिनोन्महिने चाले.

इतका वेळ फार थोड्यांना देता येतो. भीतीवरील उपचारांसाठी दक्षिण आफ्रिकेतील मनोचिकित्सक जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात याचे बरेच आटोपशीर रूप मांडले. १९७३ साली बर्नस्टाइन आणि बोर्कोवेक यांनी तयार केलेल्या पुस्तिकेत शरीराचे १६ गट केले आहेत, आणि आज दवाखान्यांत बहुधा हाच क्रम चालतो. नेहमीच्या वापरातला हात आणि दंड, मग दुसरा हात, कपाळ, डोळे व नाक, जबडा, मान, छाती-खांदे-पाठ, पोट, आणि शेवटी दोन्ही पायांच्या मांड्या, पोटऱ्या व पावले. प्रत्येक गट ५ ते ७ सेकंद ताणायचा आणि ३० ते ४० सेकंद सोडायचा. ताणण्यापेक्षा सोडण्याला पाचसहा पट वेळ दिला आहे, हे ध्वनिफिती लावून सराव करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सरावाबरोबर १६ गटांचे ७, मग ४ होतात. पुढे न ताणताच, सैलपणा नुसता आठवून अंग सोडता येऊ लागते. स्वीडनचे लार्स-योरान उस्त यांनी हीच वाट पुढे नेऊन खुर्चीत बसल्याबसल्या अर्ध्या मिनिटात सैल होण्यापर्यंतचे प्रशिक्षण बसवले. दुखण्याने गांजलेल्या माणसाला खरा उपयोग या शेवटच्या पायरीचा होतो. संगणकासमोर खांदे कानापर्यंत चढले आहेत, जबडा घट्ट मिटला आहे, हे दिवसातून अनेकदा टिपता येणे आणि तिथल्या तिथे सोडता येणे.

शिथिलीकरणाने दुखणे का कमी व्हावे? जुने उत्तर सोपे आहे. दुखरा भाग जपण्यासाठी भोवतालचे स्नायू आखडतात. आखडलेल्या स्नायूत रक्त कमी पोचते, तो आणखी दुखतो, आणि म्हणून आणखी आखडतो. उसण भरलेल्या कोणालाही हे पटेल. ताज्या दुखापतीत हे आखडणे कामाचेही असते, कारण त्याने जखमी भागाला आधार मिळतो. पण ३ महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या, म्हणजे जुनाट, वेदनेला हे चक्र पुरेसे लागू पडत नाही. १९९१ मध्ये लुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की वेदना असताना हालचाल घडवणारे स्नायू अनेकदा उलट मंदावतात. शिवाय ताणाची डोकेदुखी असलेल्या सगळ्यांच्या मानेचे किंवा कपाळाचे स्नायू मोजणीत जास्त ताणलेले आढळतातच असे नाही.

तरीही गुण येतो, तो अनेक वाटांनी येत असावा. अंग सैल झाले की श्वास संथ होतो, नाडी उतरते, शरीराची सावधानतेची यंत्रणा ओसरते आणि झोप सुधारते. अपुऱ्या झोपेने दुखणे चिघळते हे तर रोजच्या अनुभवातले आहे. मेल्झॅक आणि वॉल यांच्या १९६५ च्या द्वारनियंत्रण सिद्धान्ताने वेदनेचे संदेश मज्जारज्जूत कमीजास्त होतात आणि त्यात मेंदूचाही हात असतो, हे मांडले. त्यामुळे लक्ष, भीती आणि मनाची स्थिती यांना वेदनेच्या विज्ञानात जागा मिळाली. इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्येच बाळंतपणातील भीती, ताण आणि वेदना या साखळीबद्दल लिहून शिथिल होण्याची शिकवण सुचवली होती. आणखी एक गोष्ट मोजायला कठीण, पण रुग्णासाठी मोठी आहे: कळ येते तेव्हा स्वतःच्या हातात करण्यासारखे काहीतरी असणे.

पुराव्यांचे चित्र आशादायक असले तरी सगळीकडे सारखे भक्कम नाही. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ समितीने जुनाट वेदना कमी करण्यात शिथिलीकरणाच्या विविध तंत्रांना बळकट आधार असल्याचे म्हटले. मायग्रेन टाळण्यासाठी अमेरिकेतील २००० सालच्या मार्गदर्शक सूचनांत शिथिलीकरणाला वरचा दर्जा मिळाला, आणि याच्या उपयोगाची सर्वांत भरवशाची जागा बहुधा हीच. जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत त्याचा समावेश केला, पण आधाराची प्रत कमी असल्याची नोंदही केली. एकट्या शिथिलीकरणाने सरकलेली चकती जागेवर येत नाही की झिजलेला गुडघा भरून येत नाही.

भारतात याच्या जवळचा सराव शवासनाचा. हठयोगप्रदीपिकेत शवासनाला ‘श्रान्तिहर’ आणि ‘चित्तविश्रान्तिकारक’ म्हटले आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसन सिद्ध होण्याचा एक मार्ग म्हणून ‘प्रयत्नशैथिल्य’ येते. जेकबसन यांची शिकवण आणि हे सूत्र एकमेकांच्या आश्चर्यकारक जवळ आहेत. जोर लावून सैल होता येत नाही, हे दोन्हीकडे आहे. फरक असा, की शवासनात आधी ताणण्याची पायरी नसते. आधुनिक वैद्यकात शवासन तपासण्याचे एक आरंभीचे काम मुंबईत झाले: हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील त्याच्या परिणामाचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. तो वेदनेवरचा नव्हता, पण अंग सैल सोडण्याचा परिणाम मोजता येतो, हे त्याने इथल्या डॉक्टरांपुढे ठेवले.

दुखणाऱ्या माणसाला हा सराव जसाच्या तसा देऊ नये. जो भाग दुखतो तो ताणायचा नाही. त्याची पाळी शेवटी ठेवावी किंवा तो न ताणता नुसता सोडावा. बाकीचे गटही जेमतेम ताण जाणवेल इतकेच आवळावेत. मान मागे रेटू नये. पावले आणि पोटऱ्या फार वेळ ताणल्या की गोळे येतात. ताणताना श्वास रोखण्याची सवय अनेकांना असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ती जाणीवपूर्वक मोडावी. ताजी शस्त्रक्रिया, अस्थिभंग किंवा नुकताच झालेला मुरगळा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. काहींना अंग सैल होताना उलट घाबरल्यासारखे होते. अशांनी डोळे उघडे ठेवून, बसून, थोडा थोडा वेळ करावे. पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणे असे काही असेल, किंवा डोके कधी नव्हे इतके एकाएकी दुखू लागले, तर सरावात वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठावे.