पाकिटातला बॅसिलस तलावापर्यंत जिवंत पोचतो कसा?

पालघर-रायगडकडे ज्यांचे कोळंबीचे तलाव आहेत त्यांना प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंची, पावडर काही नवीन नाही, फिकट तपकिरी रंगाची, पाकिटावर मोठ्ठा आकडा छापलेला की एका ग्रॅमला इतके कोटी जिवाणू. आता बघा, हा जिवंत जीव सुकवून पाकिटात भरलाय, टेम्पोतून उन्हात आलाय, दुकानात कित्येक महिने फ्रिजशिवाय पडलाय आणि तरी पाण्यात गेल्यावर उठून कामाला लागतो. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसला हे सहसा झेपत नाही, कारण त्याला बीजाणू म्हणजे स्पोअर, जाड कवचातलं झोपलेलं रूप, बनवता येत नाही. या पावडरीतल्या बॅसिलस सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस या मंडळींना ते येतं.

खायला संपलं की बॅसिलसची पेशी आपल्या पोटातच एक भिंत घालते, लहान कप्प्यात डीएनएची पूर्ण प्रत ठेवते, मग मोठा कप्पा त्या लहानाला गिळतो आणि त्याच्याभोवती एकावर एक जाड थर चढवत जातो. आतलं बरंचसं पाणी बाहेर काढलं जातं, त्या जागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरतं, डीएनएला खास प्रथिनं चिकटून बसतात. हे सगळं व्हायला सात-आठ तास लागतात आणि शेवटी बाहेरची पेशी फुटून मरते, उरतो तो बीजाणू. उकळूनही तो तग धरतो हे जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोहन यांनी १८७६ सालीच मांडलं होतं.

फॅक्टरीत जिवाणू वाढवणं त्या मानाने सोपं, खरं कसब आहे ते त्यांना वेळेवर आणि सगळ्यांना एकदम उपाशी पाडण्यात. फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीत, सोया पेंड, मळी किंवा ग्लुकोज, ३५-३७ अंश तापमान, भरपूर हवा, की पेशी धडाधड वाढतात. पण साखर जास्त झाली तर त्या बीजाणू बनवायचं नावच घेत नाहीत, नुसत्या वाढत बसतात, आणि मँगनीज कमी पडलं तरी गडबड, ते अगदी चिमूटभर लागतं पण लागतंच. म्हणून मधूनमधून थेंब काढून फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली बघायचं, साध्या पेशी काळपट काड्यांसारख्या दिसतात आणि पिकलेला बीजाणू लख्ख चमकतो, जवळपास सगळं फील्ड चमकायला लागलं की मगच बॅच उतरवायची. गुऱ्हाळात काहील उतरवायची वेळ साधावी लागते तसंच हे, घाई केली तर अर्ध्या पेशी कच्च्या राहतात आणि त्या पुढे सुकवताना मरतात.

सुकवणं म्हणजे बहुतेक ठिकाणी स्प्रे ड्रायर. सेंट्रिफ्यूजमधून काढलेला घट्ट गाळ माल्टोडेक्स्ट्रिनसारख्या पावडरीत कालवून बारीक फवारायचा, आत येणारी हवा दीडशे अंशाच्या वर असते पण थेंबातलं पाणी उडताना थेंब थंड राहतो, त्यामुळे बीजाणूला एवढी झळ लागत नाही. आणि बीजाणू मुळातच उष्णतेला चिवट, म्हणून पेलेट खाद्य बनवताना ८०-९० अंशांची वाफ लागली तरी तो टिकतो.

मग बिघडतं कुठे? ओलाव्यात. बीजाणू उठतो तो ॲलॅनिनसारखं अमिनो आम्ल किंवा साखर पाण्यासोबत मिळाली की, आणि एकदा उठायला लागला की काही मिनिटांत त्याचं सगळं कवच सैल पडतं, मागे फिरता येत नाही. पाकिटात थोडीशी दमट हवा शिरली आणि भरणीत, म्हणजे बीजाणूंसोबत मिसळलेल्या पावडरीत, खाण्याजोगं काही असलं तर तो तिथेच उठतो, वाढायला पुरेसं पाणी नाही म्हणून तिथेच मरतो. कोकणच्या पावसाळ्यात हे फार होण्यासारखं आहे, म्हणून भरणी कोरडी हवी आणि पाकीट ॲल्युमिनियम फॉइलचं हवं, साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून हळूहळू ओल आत येतेच.

पाकिटावरच्या आकड्याबद्दल मला मनापासून वाटतं की शेतकऱ्याने विचारायलाच हवं, हे एकूण जिवाणू आहेत की बीजाणू? लॅबमध्ये तपासणी सोपी आहे, नमुना पाण्यात कालवून ८० अंशाला दहा मिनिटं ठेवायचा, साध्या पेशी मरतात, मग प्लेटवर जे उगवेल ते बीजाणूंचं. आणि कोरड्या पावडरीत अमोनिया खाणारे नायट्रोसोमोनास आहेत असं लिहिलं असेल तर जरा थांबा, ते बीजाणू बनवत नाहीत, सुकवून टिकवणं फार अवघड.

बॅसिलसचं काम तळाशी साचलेलं उरलेलं खाद्य आणि विष्ठा फोडायचं, कोळंबीला आजारी पाडणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूला जागा आणि अन्न कमी पडू द्यायचं. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर कोळंबीत बंदी आहे, अंश सापडला तर एक्स्पोर्टचा माल परत येतो, त्यामुळे हा पर्याय खरंच मोलाचा आहे. पण कोळंबीच्या व्हाइट स्पॉट रोगाचा विषाणू आला तर या पावडरीने तो बरा होत नाही, तसं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

बरेच जण पावडर गूळपाण्यात कालवून रात्रभर हवा देतात, त्याने बीजाणू उठतात हे बरोबर, पण ड्रम आधी धुतलेला नसेल तर बॅसिलसच्या आधी भलतंच काहीतरी वाढतं. उठलेला बॅसिलस पुन्हा साठवता येत नाही, सकाळी सगळा तलावात गेला पाहिजे. पावडरही तशीच, पावसाळ्यात मोठं पाकीट घेऊन रबर लावून ठेवण्यापेक्षा एका वेळी संपतील अशी छोटी पाकिटं घेतलेली बरी.