‘टुरिस्ट व्हिसावर जा, शिकवायला लागा’: खुलासा

यवतमाळ-गडचिरोलीकडे एजंट सांगतात, बँकॉकला पर्यटक म्हणून उतरा, इंग्रजी शिकवा, कागदं मागून होतात. साफ खोटं. थायलंडात शिकवायला नॉन-इमिग्रंट ‘बी’ (कामासाठीचा) व्हिसा आणि वर्क परमिट (कामाचा परवाना), दोन्ही लागतात. १२० तासांचं टेफल (इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र पदवीची जागा घेत नाही.

खरं घोडं अडतं नावात. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं राहून गेलं, की कागदावर दोन माणसं दिसतात. हे आधी जुळवा. मग पदवीची पडताळणी (विद्यापीठ अमरावतीचं असो की गोंडवाना) आणि पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून पोलीस क्लिअरन्सचा (गुन्हा नसल्याच्या दाखल्याचा) अर्ज. हा दाखला फार आधी काढू नका. जुना झाला की पुन्हा फेरी. नोकरी देणाऱ्या तिकडच्या शाळेचं लेखी पत्र येईपर्यंत एजंटला रुपयाही देऊ नका.